नऊ ते पाच : एका घराच्या विजेच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

नवीन टीओडी मीटर, म्हणजे 'टाइम ऑफ डे', वेळेनुसार वापर मोजणारा मीटर, बसल्यापासून बिलात एक ओळ वाढली आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या दर युनिटमागे ८० पैसे सवलत. घरगुती ग्राहकांसाठी १ जुलैपासून सुरू झालेली ही सवलत येत्या पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं रुपयापर्यंत जाणार आहे. म्हणजे वीज तीच, तारा त्याच, फक्त घड्याळ बघून बटण दाबायचं. लोकांच्या जीएसटीचे हिशेब मी घरूनच करते. म्हटलं, स्वतःच्या घराचाही एकदा करून बघू.

घर कोल्हापुरात, साने गुरुजी वसाहतीत, माणसं पाच. सासूबाई, आण्णा म्हणजे सासरे, नवरा, धाकटे भावजी आणि मी. यंत्रं चारचौघांकडे असतात तीच: फ्रिज, १५ लिटरचा गिझर, वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन, अर्ध्या हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर, घरघंटी, इस्त्री, मिक्सर, इन्व्हर्टर, चार पंखे, टीव्ही. शिवाय भावजींची इलेक्ट्रिक स्कूटर.

सप्टेंबरचा वापर १९६ युनिट. सुरुवातीलाच कमाल मर्यादा काढून ठेवते. अख्खं घर फक्त नऊ ते पाच चाललं आणि रात्री सगळे अंधारात बसलो, तरी १९६ गुणिले ८० पैसे, म्हणजे १५६ रुपये ८० पैसे. याच्या वर एक छदामही सुटणार नाही. आण्णांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." बघू.

८ ऑक्टोबर, बुधवार

मोजमाप कसं करायचं ते ठरलं. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि त्याच्याशेजारी आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. म्हणजे एका मिनिटातले हे लुकलुकीचे ठिपके मोजायचे आणि त्यांना १८.७५ नं गुणायचं, की त्या क्षणी घर किती वॉट ओढतंय ते कळतं. वेगळं उपकरण लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करून एकेक वस्तू चालू करायची एवढंच.

गिझर लावला तर दिवा इतका भराभर लुकलुकतो की मोबाईलवर चित्रीकरण करून सावकाश बघावं लागलं. मिनिटाला १०७, म्हणजे दोन हजार वॉट. फ्रिज मिनिटाला सहा, तोही कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हाच. घरघंटी चाळीस.

एक कोडं राहिलं. सगळी बटणं बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, राउटर बंद, तरी मिनिटाला एक ठिपका पडतोच. कुणीतरी गुपचूप खातंय. नंतर शोधते.

१२ ऑक्टोबर, रविवार

महावितरणच्या अ‍ॅपमध्ये तासागणिक वापर दिसतो. आमच्या घराचा आलेख म्हणजे दोन टेकड्या आणि मध्ये माळ. पहिली टेकडी सकाळी सहा ते आठ: गिझर, मोटर, मिक्सर. दुसरी संध्याकाळी सात ते साडेदहा: दिवे, टीव्ही, पंखे, इस्त्री, स्कूटरचा चार्जर. नऊ ते पाच सपाट. दिवसाच्या चोवीस तासांतले आठ तास हे, म्हणजे एक तृतीयांश वेळ. आणि त्यात आमचा वापर जेमतेम २७ टक्के.

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदार घरांचा आलेख असाच असणार. संध्याकाळी सूर्य मावळतो, सौर प्रकल्प थांबतात आणि नेमकी तेव्हाच सगळी घरं एकदम बटणं दाबतात. दुपारी सौर वीज भरपूर असते, पण घरात माणसं नसतात. सवलत दिली आहे ती यासाठी. ती आमच्या प्रेमापोटी नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज जेवताना विषय निघाला आणि आण्णा खुलले. त्यांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, भट्टी खात्यात गेली. त्यांना टीओडी हा शब्द नवा नाही. कारखान्यांना तो कित्येक वर्षांपासून आहे.

"आमच्या हिटा रात्रीच निघायच्या," ते म्हणाले (हीट म्हणजे भट्टीतला एका वेळचा घाणा). "दहा वाजले की भट्टी लावायची. का, तर रात्री वीज स्वस्त."

त्यांचा हिशेब तोंडपाठ आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळायला साडेपाचशे ते सहाशे युनिट लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सवलत होती. म्हणजे टनामागे आठशे-नऊशे रुपये नुसत्या वेळेत सुटायचे, आणि एका पाळीत कितीतरी टन निघायचे. उलट सकाळी नऊ ते बारा हा कारखान्यांना महागाचा वेळ, तेव्हा युनिटला ८० पैसे जादा. त्या वेळात भट्टीवाले साचे बघायचे, अस्तर दुरुस्त करायचे, पण कळ दाबायचे नाहीत.

आता गंमत बघा. तेव्हा नऊ ते बारा ८० पैसे जादा द्यावे लागायचे आणि आज त्याच तासांना आम्हाला ८० पैसे सूट. कारखान्यांचीही रात्रीची सवलत यंदाच्या नव्या दरांत दिवसाकडे सरकली. सौर वीज आल्यामुळे घड्याळ उलटं फिरलं. कोळशाचं केंद्र रात्री बंद करता येत नाही, म्हणून पूर्वी रात्रीची वीज शिल्लक पडायची. आता शिल्लक पडते ती दुपारची. आण्णांनी रात्रपाळीत उभं आयुष्य काढलं. ते गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "आत्ताच्या पोरांना बरं हाय मग. रात्री झोपतील तरी."

हे ऐकून मला प्रमाणाचं भान आलं. फाउंड्रीत एका हिटेत जेवढी वीज जाते, तेवढ्यात आमचं घर काही महिने चालेल. वेळ बदलण्याचा धंदा त्यांच्यासाठी आहे. आपण गल्लीतले खेळाडू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मोटर. आमच्या बाजूला नळाला पाणी पहाटे येतं. ते हौदात पडतं आणि सवयीनं लगेच मोटर लावून वरच्या टाकीत चढवलं जातं. पण पाणी आलं की हौद भरणं आणि हौदातून वर चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं महापालिकेच्या वेळेनं होतं, दुसरं आपल्या. आदल्या दिवशी टाकी भरलेली असेल तर सकाळच्या अंघोळी तिच्यावर निघतात. मोटर नऊनंतर लावली की झालं.

हे सगळ्यात सोपं निघालं. कुणाचं काही अडलं नाही. राज्यातला घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प हेच करतो: मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची. आमची गच्चीवरची टाकी म्हणजे त्याचं बाळ, फक्त वीज करत नाही, अंघोळी घालते.

पैशाचं विचाराल तर हसू येईल. हजार लिटर पाणी दहा मीटर वर न्यायला शुद्ध भौतिकशास्त्रानं ०.०३ युनिटसुद्धा लागत नाही. छोट्या मोटरी निम्म्याहून अधिक वीज वाया घालवतात, पाइपातलं घर्षण असतं, म्हणून प्रत्यक्षात पाव युनिट जातं. पाव युनिटवर सवलत २० पैसे. महिन्याला सहा रुपये.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे साडेचारपासून गिझर चालू. आज नऊनंतर अंघोळ करा म्हणायची माझी छाती नव्हती. आकाशकंदील आणि माळा एलईडीच्या. सगळ्या मिळून मिनिटाला दोन ठिपके. फराळ गॅसवर. दिवाळीचं बिल वाढतं ते रोषणाईनं, हा समज आमच्या घरापुरता तरी खोटा.

२ नोव्हेंबर, रविवार

कपडे, इस्त्री, दळण.

वॉशिंग मशीन थंड पाण्यावर चालतं. एक पूर्ण धुणं ०.१५ युनिट. नऊनंतर लावलं तर वाचतात १२ पैसे. आणि तोटा काय? पूर्वी सात वाजता लावलेलं धुणं साडेआठला दोरीवर असायचं, दुपारी खडखडीत वाळायचं. आता साडेदहाला दोरीवर जातं आणि चार वाजता जाड टॉवेल ओलसर लागतात. बारा पैशांसाठी हे परवडत नाही. धुणं परत सातला. पुढून कपडे टाकायची, आत हीटर असलेली मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांचं गणित वेगळं. गरम पाण्याच्या एका धुण्याला अर्धं-पाऊण युनिट सहज लागतं. पण तिथंही खरी बचत पाणी थंड ठेवण्यात आहे, वेळ बदलण्यात नाही.

इस्त्री रोज रात्री दहा वाजता उद्याच्या एका शर्टापुरती तापायची. ती आता रविवारी दुपारी, आठवड्याची एकदम. इथं दुहेरी फायदा आहे. सवलत तर मिळतेच, पण थंड इस्त्री रोज नव्यानं तापवायची वीजही वाचते. नवऱ्याला पटलं, कारण क्रिकेट बघत उभं राहायला निमित्त मिळालं.

घरघंटी सासूबाईंची. पाच किलो गव्हाला अर्धं युनिट. त्यांनी विचारलं, "दुपारी दळलं तर पीठ गोड लागंल काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच दुपारी दळायला लागल्या. म्हणाल्या, दुपारी शेजारणी झोपलेल्या नसतात, आवाजाचं कुणी बोलत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते. हे नऊ ते पाचचं वेळापत्रक घरात कोण पाळतं? जी घरात असते ती. मोटर मी लावते, दळण सासूबाई लावतात. नोकरीवर जाणाऱ्या बाईनं नऊ वाजताची मोटर ऑफिसमधून लावायची का? यंत्रांना टायमर असतात हे खरं, पण घरी कुणी नसताना मोटर किंवा गिझर टायमरवर सोडून जाणं मला मान्य नाही. टाकी वाहून जाणं हा त्यातला बरा प्रकार झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

आता गिझर. थंडी पडायला लागली की आमच्या घरातलं सगळ्यात मोठं खातं हेच. एका माणसाच्या अंघोळीला कोमट मिश्रण धरून ०.४५ युनिटच्या आसपास जातं. पाच माणसं, दिवसाला सव्वादोन युनिट, महिन्याला जवळजवळ ७०. बाकीची सगळी खाती पैशांची, किरकोळ; इथं खरी रक्कम आहे.

सुचणारी पहिली युक्ती अशी: दुपारी साडेचारला स्वस्तात पाणी तापवून ठेवायचं, गिझर बंद करायचा आणि सकाळी तेच वापरायचं. टाकीला आवरण असतंच. करून बघितलं, ठिपके मोजून.

थंड पाण्यापासून थर्मोस्टॅट आपोआप बंद होईपर्यंत ०.७२ युनिट. हिशेबाशी जुळतं, कारण १५ लिटर पाणी २१ अंशांवरून ६० वर न्यायला कागदावर ०.६८ लागतात. मग रात्रभर कुणी नळाला हात लावला नाही. सकाळी सहाला पुन्हा बटण दाबलं, तर ते परत ६० वर यायला ०.३० युनिट खाल्ले. म्हणजे रात्रभरात एवढी उष्णता भिंतीला आणि हवेला वाटली.

सवलत मिळाली ०.७२ वर ८० पैशांनी, ५८ पैसे. रात्रीत गेलं ०.३० युनिट, आणि आमचा शंभरच्या पुढचा युनिट सगळे आकार धरून बारा रुपयांच्या वर पडतो, म्हणजे साडेतीन रुपये. रोज साडेतीन रुपये पदरचे घालून ५८ पैसे मिळवायचे. निकाल लागला. तापवलेलं पाणी साठवायचं नाही, अंघोळच हलवायची.

१० नोव्हेंबर, सोमवार

अंघोळ हलवायची, हे बोलणं सोपं. नवरा आठला बाहेर पडतो, भावजींची कारखान्यातली पाळी. सासूबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं बोलूच नये. "नऊ वाजेपर्यंत देव पारोसे ठेवू? आन् मी पारोशी स्वयंपाकघरात फिरू?" विषय संपला.

उरलो आण्णा आणि मी. आण्णा सकाळी रंकाळ्याला चक्कर मारून येतात, पेपर वाचतात, साडेनऊला अंघोळ त्यांना चालते. मीही कामाला बसायच्या आधी करू शकते. दोघांच्या मिळून दिवसाला ७० पैसे सवलत. होय, पैसेच.

त्याहून मोठी गोष्ट मोजताना सापडली. सकाळी शेवटची अंघोळ संपली तरी गिझर चालू राहायचा, आणि उरलेलं पाणी पुन्हा ६० वर नेऊन मग कुणीतरी आठवणीनं बंद करायचं. ते तापलेलं पाणी कुणाच्याच अंगावर पडत नव्हतं. आता शेवटच्या माणसानं नळ सोडायच्या आधी बटण बंद करायचं; टाकीतलं गरम पाणी त्याला पुरतं. सकाळच्या तिघांच्या अंघोळी एकापाठोपाठ, मध्ये तासाचं अंतर नाही. थर्मोस्टॅटही पन्नासवर आणला. त्यानं अंघोळीची वीज कमी होत नाही, हे समजून घ्यायला हवं. गरम पाणी कमी तापलं तर थंड कमी मिसळतो, इतकंच. कमी होते ती टाकीतून गळणारी उष्णता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्कूटर. भावजींचं येणं-जाणं आणि इकडंतिकडं मिळून दिवसाला पंचवीसेक किलोमीटर. भिंतीतल्या प्लगमधून महिन्याला वीस-बावीस युनिट जातात. हलवता येणाऱ्या वस्तूंमध्ये ही सगळ्यात जड.

अडचण एवढीच की नऊ ते पाचमधला बराच वेळ स्कूटर शिरोलीत उभी असते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते चारला घरी येतात. एक तास मिळतो, आणि तेवढ्यातही उन्हातून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मात्र दुपारपर्यंत घरी. नऊ वाजता प्लग, निघेपर्यंत पूर्ण. "वैनी, झोपेतनं उठून लावायची म्हंजे जीव जातोय," अशी तक्रार. प्लग मी लावते, त्यांनी फक्त किल्ली टेबलावर ठेवायची असा तह झाला.

खरं तर कारखान्यांनी पार्किंगमध्ये प्लग दिले तर हा प्रश्न मुळातून सुटेल. गाड्या दिवसभर तिथंच उभ्या असतात आणि वरून ऊन पडत असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बिल आलं. १७८ युनिट. त्यातले ६८ युनिट नऊ ते पाचमधले, म्हणजे ३८ टक्के. सवलत ५४ रुपये ४० पैसे.

जेवणाच्या टेबलावर टाळ्या पडल्या. त्या पडू दिल्या आणि मग कागद काढला. जुन्याच सवयींनी २७ टक्के वापर दिवसा झाला असता तरी ४८ युनिटांवर ३८ रुपये ४० पैसे आपोआप मिळाले असते. फ्रिज काही रात्रपाळी करत नाही, दिवसाचं त्याचं चालूच असतं. म्हणजे मोटर, दळण, इस्त्री, दोन अंघोळी आणि स्कूटर या सगळ्या हलवाहलवीची कमाई सोळा रुपये.

आणि १९६ चे १७८ झाले त्याचं? १८ युनिट गुणिले बारा, दोनशेच्या वर रुपये. पण तेही श्रेय आपलं नाही. सप्टेंबरात पंखे चालू होते. मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरचा आकडा बिलावरच छापलेला असतो: १८३. तुलना त्याच्याशी करायची. खरी घट पाच युनिट, आणि ती बहुतेक गिझरचं बटण वेळेवर बंद केल्याची. पाच युनिट म्हणजे साठ रुपये.

इथं प्रकल्पाची दिशा बदलली. आमच्या दरात एक युनिट न वापरणं म्हणजे पंधरा युनिट नऊ ते पाचमध्ये हलवण्याइतकं आहे. सूत्र साधं आहे, बारा भागिले ०.८०. यापुढे प्रत्येक वस्तूला आधी "कमी होतंय का" विचारायचं, मग "हलतंय का".

आण्णांना सोळा रुपये सांगितले. "चहा झाला की दोघांचा," ते म्हणाले, आणि टोमणा नव्हता तो.

७ डिसेंबर, रविवार

मिनिटाला एक ठिपका खाणारा सापडला. इन्व्हर्टर.

बॅटरी पूर्ण भरलेली, वीज गेलेली नाही, तरी तो १८-१९ वॉट ओढत बसतो. ऐकायला फुटकळ. पण तो चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस ओढतो: १३ युनिट. म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. अख्ख्या महिन्याच्या हलवाहलवीनं सोळा मिळवले आणि हा जिन्याखाली बसून दीडशे फस्त करत होता.

इन्व्हर्टर लागतो कधी? एप्रिल-मे महिन्यांत वळीव आला की, आणि जून-जुलैच्या झडीत. डिसेंबर ते मार्च आमच्याकडे वीज क्वचित जाते. मग थंडीत बंद ठेवायचा. मात्र नुसतं त्याचं येणारं कनेक्शन बंद केलं तर त्याला वाटतं वीज गेली, आणि तो घरातले दिवे बॅटरीवर चालवायला लागतो. बॅटरी उतरते ती वेगळीच. वायरमन बोलावून बायपासचा बदली स्विच बसवून घेतला: एकीकडे वीज थेट घराला, दुसरीकडे इन्व्हर्टरमधून. लेड-अ‍ॅसिड बॅटरी महिनोन्‌महिने तशीच टाकायची नसते, ती आपोआप उतरते आणि खराब होते. म्हणून दर रविवारी, इस्त्री चालू असताना, दोन-तीन तास चार्जिंगला. डिस्टिल्ड वॉटरची पातळी त्याच वेळी बघून होते.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, रात्री दिवा हवाच आहे, त्यांनी हे करू नये.

१४ डिसेंबर, रविवार

गल्लीत या मीटरवरून दोन तट आहेत. समोरच्या काकूंनी अजून बसवू दिलेला नाही. "रात्रीचं जादा लावतील, मग काय करशील?" हा त्यांचा सवाल. त्यांना आमचं बिल दाखवलं. संध्याकाळी जादा आकार असा काही नाही, नेहमीचाच दर आहे. फक्त दिवसाला सूट. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाल्या, "आत्ता नाही. पुढचं कुणी बघितलंय?"

त्यांची शंका अगदीच हवेतली नाही. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात दिवसाच्या सौर तासांना किमान २० टक्के स्वस्त दर आहे, तसा गर्दीच्या तासांना चढा दरही आहे. राज्याचा वीज नियामक आयोग घरगुती ग्राहकांना तो कधी आणि किती लावेल, हे त्याच्या आदेशावर. लागलाच तर आमच्या आलेखातली संध्याकाळची टेकडी महाग पडेल, आणि आज सोळा रुपयांची वाटणारी सवय तेव्हा कामाला येईल. म्हणून वेळापत्रक मोडायचं नाही. त्रास नाही तेवढं चालू ठेवायचं.

काकूंना मी मीटर घ्या किंवा घेऊ नका, काहीच म्हटलं नाही. ठिपके मोजायला मात्र शिकवलं. ते जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरही जमतं.

२८ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. नळाचं पाणी हाताला झोंबतंय, गिझर जास्त खातोय.

आण्णा गच्चीवर उन्हात बसलेले. समोरच्या गच्चीवर सौर बंब, पलीकडच्याही. "दिवसाचं ऊन पकडायला सरकार सवलत देतंय म्हंतीस," ते म्हणाले, "मग पाण्याला थेट ऊनच दाखव की. मध्ये वीज कशाला?"

बरोबर आहे. गिझरमध्ये पाणी साठवलं की रात्रीत थंड होतं आणि सौर बंबात सकाळपर्यंत कढत राहतं, याचं कारण आकारात आणि आवरणात आहे. १५ लिटरच्या टाकीचा पृष्ठभाग तिच्या पाण्याच्या मानानं मोठा, आवरण पातळ. शंभर-दीडशे लिटरच्या टाकीत दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला जागा कमी, आणि भोवती पफचा, म्हणजे फोमचा, जाड थर. शिवाय उतरलं पाच-सात अंशांनी तरी ती वीज विकत घेतलेली नसते.

ढगाळ पावसाळ्यात गिझर लागणारच. पण नोव्हेंबर ते मे जर ७० युनिटांचं खातं निम्म्याच्या खाली आलं, तर हा महिन्याकाठी चारशेचा विषय आहे. त्यासाठी कुणाला पारोसं बसावं लागत नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

डिसेंबरचं बिल. १६९ युनिट, मागच्या डिसेंबरला १८७. घट १८ युनिट, दोनशेहून जास्त रुपये. त्यात मोठा वाटा इन्व्हर्टरचा, बाकी गिझरचा. दिवसाचा वाटा ३७ टक्के, सवलत ५० रुपये. बायपास स्विचचा आणि वायरमनचा खर्च फेब्रुवारीत फिटेल.

नोंदी चाळताना एक दिसतं. आमच्या घरात जे हलवता येतं ते मुळातच हलकं आहे: मोटर, दळण, इस्त्री. जे जड आहे ते जागचं हलत नाही: रात्रीचे पंखे, सकाळची अंघोळ, चोवीस तासांचा फ्रिज. अपवाद एकच, स्कूटर, आणि तीही महिन्यातला निम्मा वेळच हाती लागते. ज्यांच्या घरी दिवसा एसी चालतो, किंवा दुकान आणि घर एकाच मीटरवर आहे, त्यांना नऊ ते पाचमधून आमच्यापेक्षा पुष्कळ मिळेल.

पुढचं काम पंख्यांचं. जुना पंखा मिनिटाला चार ठिपके, ७५ वॉट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीस-पस्तीस वॉटला तेवढंच वारं देतो असं त्याच्या खोक्यावर लिहिलंय. दुकानदाराकडून एक आणून स्वतः मोजणार. रात्री दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला बारा युनिट वाचले तर चारही बदलायची गरज नाही, झोपायच्या खोल्यांतले दोन पुरे. ते शिमग्याच्या आत बसवायचे, म्हणजे मार्चचं बिल तुलनेला मिळेल. सौर बंबाची दोन दरपत्रकं मागवली आहेत. एकानं शंभर लिटर सांगितलं, दुसऱ्यानं दीडशे. आण्णा गच्चीवर टेप घेऊन सावली कुठपर्यंत येते ते खडूनं आखतायत. संक्रांतीनंतर पुन्हा एकदा आखायची, असं त्यांचं म्हणणं आहे.